नाण्याएवढा सेल नको, आणि आपोआप गाणारी पेटीही नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी घरच्या घरी गाणारी पेटी कशी बनवायची, याची कृती आली होती. पुठ्ठ्याचा खोका, पिझो बझर (टीं-टीं वाजणारी छोटी चकती), गाण्याची तीन पायांची आयसी (म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप), एक स्विच, नाण्याएवढा सेल आणि तो जागच्या जागी धरायला चिकटपट्टी, एवढ्या सामानात काम भागतं असं त्यात म्हटलं होतं. मी तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले आहे. सोल्डरिंग आयर्न हातात धरा, असं लोकांना सांगणारं काहीही छापून आलं की मला बरंच वाटतं. पण त्या कृतीतला सेल पाहून जीव वरखाली झाला, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल काटछाट करा. फक्त सेलबद्दलचा मजकूर कापू नका.

तो सेल म्हणजे सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, लिथियमचा, ३ व्होल्टचा. गिळला गेलाच तर एक-दोन दिवसांत आपोआप बाहेर पडेल, अशी पुष्कळांची समजूत असते. पण लहान मुलाच्या अन्ननलिकेत हा आकार अडकून बसतो. तिथे ओलावा असतोच. सेलच्या दोन्ही बाजू ओल्या भिंतींना टेकल्या की सर्किट पूर्ण होतं आणि वीज वाहायला लागते. ऋण टोकापाशी हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जातीचा जहाल अल्कली, आणि तो अन्ननलिका जाळत जातो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल काढल्यानंतरही जखम काही काळ खोल जात राहू शकते. खेळण्याला पुरत नाही म्हणून काढून ठेवलेला 'संपलेला' सेलही एवढं करायला पुरेसा असतो. तो टेबलाच्या कडेवर पडलेला असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

वरून ओळखू येईल असं काही नसतं. लाळ जास्त गळते, मूल खोकतं, खायला नको म्हणतं, आणि घरच्यांना वाटतं की सर्दी झाली असेल. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालय गाठायचं आणि एक्स-रे काढायला सांगायचं. उलटी करवायची नाही आणि घरी वाट बघत बसायचं नाही. अमेरिकेत एका चिमुरडीचा असा जीव गेल्यावर २०२२ मध्ये तिच्याच नावाने 'रीझचा कायदा' झाला. वस्तूतला बटण-सेलचा कप्पा अवजाराशिवाय, किंवा दोन वेगवेगळ्या क्रिया एकदम केल्याशिवाय, उघडता कामा नये असं त्याच्या आधारे बंधनकारक झालं. आपल्या कृतीत मात्र कप्पाच नव्हता, नुसती चिकटपट्टी होती. ज्या मुलाच्या तोंडातून लाळ गळते आणि ज्याची बोटं दिवसभर काही ना काही सोलत असतात, त्याच्यापुढे चिकटपट्टी किती वेळ टिकणार?

यावर उपाय अवघड नाही. चार पेन्सिल सेल होल्डरमध्ये बसवायचे, होल्डर पेटीच्या आत आणि पेटीचं झाकण स्क्रूने बंद. पेन्सिल सेल मोठा असतो म्हणून झाकण नुसतं दाबून बसवलं तर चालेल, असं मात्र समजू नये. जुन्या मोबाइलची बॅटरी वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो, तोही आवरावा. ती वाकली, टोचली गेली किंवा शॉर्ट झाली की पेट घेऊ शकते.

सुटे भाग तपासायला खेळण्यांच्या मानकांमध्ये एक नळकांडं सांगितलेलं असतं. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. जो भाग न दाबता त्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जाता कामा नये. घरी बनवणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत आवाज कमी-जास्त करायच्या नॉबवर होते. बाजारात मिळणारे बरेचसे नॉब दांड्यावर नुसते दाबून बसवलेले असतात. आपण ते फिरवतो. मूल फिरवत नाही, ते ओढतं, आणि दातांनीही ओढतं. नॉब हवाच असेल तर आडव्या स्क्रूने आवळायचा प्रकार घ्या आणि त्यावर मुलाच्या मुठीपेक्षा मोठी लाकडी चकती बसवा. छोटी लोहचुंबकं तर अजिबात नकोत. दोन गिळली गेली तर आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांमधून एकमेकांना चिकटतात आणि मधली आतड्याची भिंत चिरडतात.

सुरक्षिततेचं एवढं पुरे. दुसरा मुद्दा पेटीच्या गुणाचा आहे, आणि त्यावर लेखकाशी माझं खरं भांडण आहे.

त्यांनी सुचवलेली आयसी यूएम ६६ आहे. तिच्यात ६४ सुरांची एक धून कायमची भरलेली असते. स्विच टाकला की धून सुरू, आणि तो पुन्हा बंद करेपर्यंत तीच धून गोल गोल फिरत राहते. शुभेच्छापत्रात ती ठीक आहे. पण दीड वर्षाच्या मुलाने एकदा स्विच दाबल्यावर त्याला करण्यासारखं उरतं काय? त्याने जोरात दाबलं काय, हळू दाबलं काय, पेटीवर डोकं ठेवलं काय, पेटीला त्याचं काही नाही. ती आपली गातच राहते. अशी खेळणी दुकानात ढिगाने मिळतात. तेच करायचं असेल तर घरी बोटं भाजून घ्यायची कशाला?

१९६९ मध्ये कॅरोलिन रोव्ही-कॉलियर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवात स्वतःच्या तान्ह्या मुलाला रमवायला केलेल्या एका युक्तीतून झाली होती. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला फीत बांधायची आणि तिचं दुसरं टोक बाळाच्या घोट्याला. बाळाने पाय झाडला की खेळणं हलतं, जोरात झाडला की जोरात हलतं, पाय थांबला की तेही थांबतं. दोन-तीन महिन्यांची बाळं हे काही मिनिटांत ओळखतात आणि पाय झाडायचं प्रमाण वाढवतात. मला यातलं 'जोरात झाडला की जोरात' महत्त्वाचं वाटतं. खेळणं बाळाला प्रत्येक वेळी उत्तर देतं, आणि बाळ जेवढं करेल तेवढंच देतं. पुढे साधारण १२ ते १८ महिन्यांच्या वयात मूल तीच गोष्ट मुद्दाम निरनिराळ्या तऱ्हांनी करून काय होतं ते बघतं, असं ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांचं निरीक्षण करून नोंदवलं आहे. खुर्चीवरून चमचा पुन्हा पुन्हा खाली टाकणारं मूल ज्याने पाहिलंय त्याला पियाजे वाचायची गरज नाही.

म्हणून मी नातवासाठी पेटी केली तेव्हा एकच नियम ठेवला: हात आहे तोवर आवाज, हात उचलला की शांतता. नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर असतात तशी ६० मिलिमीटरची घुमटाकार बटणं लावली. पहिल्यांदा पेटी पुढे ठेवली तेव्हा त्याने अख्खा पंजा आपटला. पेटी बोलली, तसा त्याने हात मागे घेतला आणि पेटी गप्प झाली. मग तो पेटीकडे न बघता माझ्याकडे बघायला लागला, हे तू केलंस का, अशा नजरेने. मी दोन्ही हात मागे बांधून बसले. त्याने एक बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग कोपर. मग वाकून हनुवटी. हनुवटीनेही तोच सूर निघतो हे कळल्यावर जे हसू आलं, ते कुठल्याही भरलेल्या धुनेला आलं नसतं. त्यानंतर तो बटणावर हात ठेवून थांबायला लागला आणि मध्येच उचलून शांतता ऐकायला लागला. शांतताही आपणच करू शकतो, हे त्याला आवाजाइतकंच आवडलं असावं.

सर्किटबद्दल थोडं लिहिते, कारण वाचकांपैकी काही जण करून बघतील. सगळ्यात सोपी आयसी म्हणजे ५५५. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी तिचा आराखडा केला आणि ती अजून तयार होते आहे. दोन रेझिस्टर (प्रवाहाला रोध करणारे) आणि एक कपॅसिटर (वीज साठवणारा) मिळून सूर ठरतो. १ किलोओहम, ३० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड लावले की साधारण २३६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, मिळतात. ३० किलोओहमच्या जागी प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर, म्हणजे एलडीआर, लावला तर मजा येते. उजेडात त्याचा रोध काही किलोओहमवर येतो, अंधारात मेगाओहमपर्यंत चढतो. पेटीवर हाताची सावली पडली की सूर खाली उतरतो आणि भोक पूर्ण झाकलं की नुसती टक-टक उरते. एलडीआर पारदर्शक जाड प्लास्टिकच्या मागे ठेवावा. तो कॅडमियम सल्फाइडचा असतो, तोंडात जायची वस्तू नव्हे.

एका बटणाला एक सूर द्यायचा तर ५५५ एकटी पुरत नाही. आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड वापरणारे लगेच त्यातलं 'टोन' हे तयार फंक्शन वापरतात, पण ते एका वेळी एकच सूर काढतं. आणि या वयातलं मूल एका वेळी एक बटण कधीच दाबत नाही. ते दोन्ही पंजे आपटतं. तीन बटणं दाबली गेली आणि सूर एकच आला, तर पेटीने त्याला खोटं उत्तर दिलं. त्यापेक्षा ४०१०६ ही आयसी घ्या. तिच्यात सहा श्मिट ट्रिगर, म्हणजे ठरावीक व्होल्टला चालू-बंद होणारे स्विच, असतात. प्रत्येकाला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडला की सहा स्वतंत्र आवाज तयार. ते सहा रेझिस्टरमधून एकत्र करून ट्रान्झिस्टरमार्फत स्पीकरला द्यायचे.

सूर कोणते घ्यायचे? मी भूप घेतला. षड्ज २४० हर्ट्झवर धरला तर सा २४०, रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४०० आणि वरचा सा ४८०. आकडे किती गोल येतात बघा. म आणि नि वर्ज्य असल्यामुळे यात अर्ध्या सुराचं अंतर कुठेच पडत नाही. मुलाने कुठलीही दोन, चार किंवा सगळी बटणं एकदम दाबली तरी कानाला टोचत नाही. दिवसभर ते ऐकणाऱ्या मोठ्या माणसांच्या दृष्टीने हा फार मोठा गुण आहे. रेझिस्टर-कपॅसिटरने हे आकडे तंतोतंत जमत नाहीत, म्हणून प्रत्येक सुराला आतून एक छोटा प्रीसेट (स्क्रूसारखा फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) ठेवावा आणि मोबाइलवरच्या ट्यूनरने जुळवून घ्यावा. सेल उतरले की सूर थोडे सरकतात. त्याने नातू बिघडत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात चांगला प्रकार बटणांशिवायचा आहे. नेदरलँड्समध्ये स्टाइम या संस्थेत १९७० च्या दशकात मिशेल वायस्वीस यांनी 'क्रॅकलबॉक्स' केला. त्यावर धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना बोटं लावली की तुमचं अंगच सर्किटचा भाग होतं. त्याच कल्पनेवर ५५५ च्या एका रेझिस्टरच्या जागी पेटीच्या वर दोन मोठे गोल डोक्याचे स्टीलचे बोल्ट बसवायचे, आतून लॉकनटने कसून. कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरड घ्यायचा. दोन्ही बोल्टांवर हात ठेवला की त्वचेतून अगदी बारीक प्रवाह जातो आणि पेटी वाजते. हात कोरडा असेल तर सूर खालचा, ओला असेल तर वरचा. घट्ट दाबलं की सूर चढतो. लाळेने माखलेला पंजा ठेवला की पेटी किंचाळतेच! एका बोल्टवर नातवाचा हात आणि दुसऱ्यावर माझा असेल तर पेटी गप्प राहते, पण त्याने मोकळ्या हाताने माझं नाक धरलं की वाजते. हे त्याला कुणी शिकवलं नाही. आता घरात कुणी आलं की त्यांना पेटीपाशी बसवून त्यांचं नाक धरणं हा त्याचा कार्यक्रम असतो.

या प्रकाराला दोन अटी आहेत आणि दोन्ही कडक आहेत. बोल्टांच्या मालिकेत आतून कायमचा १० किलोओहमचा रेझिस्टर हवा. म्हणजे ६ व्होल्टला काहीही झालं तरी ०.६ मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जाणार नाही. आणि पेटी फक्त सेलवर चालवायची. चार्जर लावायची खाचच ठेवू नका. आज आपण काळजी घेऊ, पण उद्या घरातलं दुसरं कुणीतरी स्वस्तातला चार्जर लावेल.

आता आवाजाच्या पातळीबद्दल. आपल्या कृतीतला पिझो बझर कर्कश वाजतो, कारण २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो जोरात बोलतो आणि माणसाचा कानही नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. त्याऐवजी कागदी कोनाचा ८ ओहमचा स्पीकर घ्या. तो उघडा ठेवला तर पुढची आणि मागची लहर एकमेकींना मारतात आणि आवाज पोकळ येतो. पेटीत बसवला की भरीव होतो. स्पीकरच्या मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर आतच जोडून टाका.

तो रेझिस्टर का, तर मूल खेळणं हातभर अंतरावर धरून ऐकत नाही, ते कान टेकवतं. अंतर निम्मं झालं की पातळी ६ डेसिबलने वाढते. ५० सेंटिमीटरवर ६५ डेसिबल मोजला गेलेला आवाज अडीच सेंटिमीटरवर ढोबळ हिशेबाने ९१ होतो. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा धरते, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायला सांगते. म्हणजे ९१ ला आठवड्यात एखादा तासच हाती उरतो. पेटी झाल्यावर आपला स्वतःचा कान जाळीला टेकवून ऐकावं. आपल्याला नको झालं तर तो रेझिस्टर आणखी वाढवावा.

बाकी बारीकसारीक: जाळी आतून लावा, म्हणजे बोट आणि लाळ कोनापर्यंत पोचत नाही. शिसं असलेलं सोल्डर वापरलंत तर हात धुवा, आणि एकही जोड बाहेरून हाताला लागता कामा नये. पुठ्ठा नको, तो चघळला जातो. पॉलिश पेपरने कडा मारलेली लाकडी पेटी करा.

जाता जाता एक तक्रार. त्या लेखात 'जोडणी बाबांनी करावी आणि रंगकाम आईने' असं वाक्य होतं. माझ्या वर्गातून कितीतरी मुली सोल्डरिंग शिकून बाहेर पडल्या. त्यांच्यातल्या काही आज आया आहेत, आणि त्यांच्या नवऱ्यांना रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचता येत नाहीत. पुढच्या वेळी हे वाक्य गाळलंत तर कृतीत काही कमी पडणार नाही.

माझी विनंती एवढीच. बटण-सेलबद्दलची सूचना याच पुरवणीत, मूळ कृती जिथे आली होती त्याच पानावर, चौकटीत आणि ठळक अक्षरांत छापा. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दुरुस्ती म्हणून नको. ज्यांनी पेटी आधीच करून मुलाच्या हातात दिली असेल त्यांनी आजच ती काढून घ्यावी आणि सेल मोजून बघावा, असं तिच्यात स्पष्ट लिहा. दोन-बोल्टांच्या पेटीची आकृती मी हाताने काढून सोबत जोडली आहे. ती छापायला जागा नसेल तर राहू द्या, पण चौकट येत्या रविवारीच यायला हवी.

आपली,
एक निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स शिक्षिका